अक्कांचं कुंकू आणि स्टार्टर

यंत्रात घाण दिसली की माझं डोकं सणकतं. धुळ्याच्या धावपट्टीवर एका जुन्या दोन सीटच्या विमानाची देखभाल करते मी. स्टार्टर, मॅग्नेटो, जनरेटर, इंजिनाला जे जे चिकटलेलं असतं ते सगळं माझ्या गळ्यात. विमान नानांचं. नाना निवृत्त वैमानिक, बोलायला गोड, पण खाली बसायचं म्हटलं की गुडघे संप करतात.

दसरा होऊन गेल्यावर नानांनी सांगून टाकलं, लायसन्सची मुदत महिनाअखेर संपतेय, आता बास. त्याआधी अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, एकदा वर न्यायचं होतं. बाईंचा सगळा संसार जमिनीवरून हात हलवण्यात गेलेला. त्या कबूल झाल्या, पण अट घालून. इंजिन चालू करायला विमानाचा पुढचा पंखा हाताने फिरवताना नानांचा हात एकदा चांगलाच सोलवटला होता, ते त्या विसरल्या नव्हत्या.

"बटनवर चालू व्हयनं तं बससू," त्या म्हणाल्या. "नही तं मी घर चालनी."

ठरल्या दिवशी अक्का ठेवणीतलं लुगडं नेसून बाकावर बसल्या. नानांनी बटण दाबलं. स्टार्टर नुसता घरघरला, पंखा ढिम्म. अक्का पिशवी उचलायला लागल्या. मी म्हटलं, अर्धा तास द्या, आणि इंजिनाखाली शिरले.

स्टार्टर फिरला की त्याचं छोटं दातेरी चाक दांड्यावरच्या स्क्रूसारख्या आट्यांवरून पुढे सरकतं आणि इंजिनाच्या मोठ्या चाकात अडकतं. ते आटे कोरडेच ठेवायचे असतात. तेल लागलं की आपल्याकडची धूळ त्यावर बसलीच म्हणून समजा. इथे तर तेल, हळद आणि कुंकू मिळून लाल लगदा झाला होता. चाक त्यातच रुतलेलं.

लाल झालेलं फडकं घेऊन मी तणतणत बाहेर आले. "नाना, कोणत्या शहाण्याने..."

नानांनी फडकं माझ्या हातातून घेतलं आणि खिशात कोंबलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "हाताला लागलं ना, तेव्हापासून दर दसऱ्याला ती स्टार्टरची पूजा करते. बटणावरच चालू व्हावं म्हणून. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप साफ करायचो. यंदा वाकताच येईना बघ."

माझा राग कुठल्या कुठे गेला. पेट्रोल आणि ब्रश घेऊन मी पुन्हा खाली शिरले, आटे घासले, कोरडे पुसले. बटण दाबताच पंखा भर्रकन फिरला. अक्कांनी दोन्ही हात जोडले, ते स्टार्टरला.

तापीपर्यंत जाऊन आले दोघं. उतरल्यावर अक्का माझ्याजवळ आल्या, डोळे भरलेले. "दखं? मनी पूजा पावनी." हो अक्का, पावली तुमची पूजा, मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पुढच्या दसऱ्याला विमान ताडपत्रीखाली होतं. नाना आता उडत नव्हते, आणि विमान दुसऱ्या कुणाला द्यायला त्यांचं मन होत नव्हतं. तरी अक्का तेलाची वाटी आणि कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. ताडपत्री मीच बाजूला केली. त्यांनी स्टार्टरला मनापासून तेल लावलं, हळदीकुंकू वाहिलं. नाना खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते.

ते बटण आता कुणी दाबणार नव्हतं. दोघं घरी गेल्यावर मी पेट्रोल आणि ब्रश घेतला आणि आटे साफ करायला बसले.