डबे चालत आले ती दुपार

नवऱ्याने ठाण्यातली नोकरी सोडली आणि आम्ही कसालला भाड्याच्या शेडमध्ये कोकम सोड्याचा छोटा कारखाना काढला. त्याचा जन्म पॅकिंगच्या यंत्रांत गेलेला, आणि माझ्या हातात कोकमाच्या दाट रसाची, आगळाची, आईची रीत. सोडा कॅनमध्ये भरायचा, सहा कॅन एकत्र ठेवून त्यांच्यावर प्लॅस्टिकची फिल्म चढवायची आणि सगळं गरम भट्टीतून काढायचं. फिल्म आवळत जायची आणि कॅनना कातडीसारखी चिकटून बसायची. दोन्ही टोकांना एकेक भोक राहायचं. गिऱ्हाईक त्यात बोटं घालून कॅन ओढून काढायचं.

एका चैत्रात मी आचऱ्याला माहेरी गेले होते. सकाळी एकटीच किनाऱ्यावर फिरत होते. वारा समुद्राकडून होता. पुढे वाळूत काहीतरी चकाकत होतं. मला आधी वाटलं, मेलेले जेलीफिश असतील. जवळ गेले तर आमच्याच फिल्मा होत्या, मी स्वतः काढलेलं लाल कोकमाचं चित्र असलेल्या. आत कॅन नव्हते, पण कॅनचे फुगवटे तसेच होते. वारा एका भोकातून आत शिरून दुसऱ्यातून बाहेर पडत होता आणि फिल्मा बारीक आवाजात हुंकारत होत्या. मी मागे वळले. त्याही वाऱ्याबरोबर वाळूवरून सरकत माझ्याच दिशेने यायला लागल्या. मी थांबले की वारा पडायचा आणि त्याही थांबायच्या.

जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याने हे पाहिलं.

"तुमचीच मा ही?" त्याने विचारलं.

मी मान डोलावली.

"रोज येतत. आमी वाळयेत पुरतंव, तरी वर येतत."

म्हातारा हसला नाही. मी माहेरी जाऊन चहासुद्धा न पिता बॅग भरली.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, फिल्म बंद. त्याने पुष्कळ समजावलं, की मालवणात पर्यटक टाकतात, खाडीतून समुद्रात जातं, प्रवाह आचऱ्याकडे वळतो, यात भिण्यासारखं काय आहे? पण फिल्म बंद करायला त्याची ना नव्हती. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचं काम त्याने नोकरीत असताना पाहिलेलं होतं. कोल्हापूरच्या एका छापखान्याकडून त्याने पुठ्ठ्याची आवरणं मागवली. सहा कॅनभोवती गुंडाळायची, खाली गोंदाने चिकटवायची. दिसायला इतकी देखणी की मी पहिलं पाकीट देवासमोर ठेवलं.

पाऊस लागेपर्यंत सगळं छान चाललं.

आषाढात शेडमधून आवाज यायला लागले. यंत्र बंद असलं की मागच्या तयार पाकिटांच्या थप्पीतून टक्, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक्. कधी कुणीतरी हळूच कागद चुरगळल्यासारखं वाटे. बायका एकमेकींकडे बघायच्या. पॅकिंगला चारपाच जणी होत्या. त्यांच्यातली सगळ्यांत थोरली, जिला सगळे मावशी म्हणत, ती आधी काजूच्या कारखान्यात होती. ती एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "वयनी, थंय कोणतरी आसा."

"उंदीर असतील."

"उंदीर थांबान थांबान चलणत नाय."

मला हसू आलं नाही. कारण मीही तेच ऐकलं होतं. आवाज यायचा, आणि आपण कान दिला की थांबायचा.

मग ती दुपार आली. बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली. आम्ही सगळ्याजणी शेडच्या पडवीत जेवायला बसलो होतो. नवरा आमच्यातच, कोपऱ्यात. आत कुणीही नव्हतं. मावशीने भाकरीचा तुकडा मोडला आणि तिचा हात तसाच राहिला.

दारातून एक कॅन गडगडत बाहेर आला. सावकाश. आमच्यासमोरून गेला आणि पडवीच्या कडेला टेकून उभा राहिल्यासारखा थांबला. त्याच्यामागून दुसरा आला. मग तिसरा. एकामागोमाग एक, मध्ये सारखंच अंतर ठेवून, जणू कुणी आतून एकेक सोडतंय. कुणीच ओरडलं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

कॅन यायचे थांबले तेव्हा एक तरुण बाई उठली, ताट तिथेच ठेवलं आणि पावसात चालू लागली. तिच्यामागून दुसरी.

मावशी म्हणाली, "वयनी, तुमी दर्यार काय बघितलात तां आमका म्हायत आसा. आपली कात थंयच ऱ्हवली, म्हणान ते घर शोधीत इले."

मी हे नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नव्हतं. नवऱ्याकडे पाहिलं. त्यानेही नाही म्हणून मान हलवली. मग आचऱ्याहून बातमी आली असणार, अशी मी समजूत घातली. आजही तीच समजूत आहे.

नवरा टॉर्च घेऊन आत गेला, मी त्याच्या शर्टाला धरून. थप्पीच्या खालच्या पाकिटांचा गोंद सुटला होता. पुठ्ठा ओल पिऊन फुगलेला, तोंडं वासलेली. त्याने मला हाताने दाखवलं, की पुठ्ठ्याचे धागे उभे हवे होते, छापखान्याने आडवे कापलेत. ओल धरली की पुठ्ठा वाकतो, चिकटलेला सांधा टक् करून उकलतो. धुण्याचं पाणी जावं म्हणून जमीन दाराकडे उतरती केलेली, म्हणून कॅन बाहेर आले.

"कळलं ना?" तो म्हणाला. त्याचा आवाज मात्र खाली होता.

तेवढ्यात आमच्या मागे, ज्या थप्पीला कुणी हात लावला नव्हता तिथून, टक्.

दुसऱ्या दिवशी कामाला फक्त मावशी आली, तीही उंबऱ्याबाहेर उभी. नवरा नारळ घेऊन आला. या माणसाला मी लग्नात सुद्धा मनापासून हात जोडताना पाहिलं नव्हतं. त्याने नारळ शेडच्या दाराशी ठेवला, डोळे मिटले आणि आपल्या वडिलांच्या सुरात जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा म्हाराजा, तुजी लेकरा तुज्या दारात उभी आसत, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मावशी म्हणाली. मीही म्हणाले.

"दर्यातला दर्यात ऱ्हवांदे, पुठ्ठ्यातला पुठ्ठ्यात ऱ्हवांदे, म्हाराजा! भायरसून कोण इलो आसात, तर तेका तेची वाट दाखय, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

पाऊस पडतच होता. आत अगदी शांत होतं. इतकं शांत, की मला वाटलं कुणीतरी ऐकत उभं आहे.

नारळ फोडून झाल्यावर त्याने छापखान्याला फोन लावला. आता सगळं गुंडाळायचंच नाही, असं ठरलं. जाड पुठ्ठ्याची पट्टी फक्त वरून बसवायची, तिच्या भोकांनी कॅनच्या माना घट्ट धरायच्या. गोंद नको, आणि ओलीला उघडं पडेल असं अंग कमी. धागे उभे. आम्ही तशी काही पाकिटं भर पावसात शेडमध्ये आणि बाहेर पडवीतही टांगून ठेवली. ती सुटली नाहीत. गणपतीआधी पहिला माल मालवणला गेला. रिक्षावाल्याने पाकीट उचलून हिसडा दिला आणि म्हणाला, "बरो धरता हो!"

मावशी रुळली, घरी बसलेल्या बाकीच्याही कामावर आल्या. त्या दुपारी पावसात निघून गेलेल्या दोघींपैकी एक नंतर परत आली. दुसरी, पहिल्यांदा उठून गेली ती, आली नाही. ती आता शेजारच्या गावात काजू फोडते. बाजाराच्या दिवशी कधीतरी भेटते, नवऱ्याची, मावशीची चौकशी करते. मग इकडेतिकडे बघून हळूच विचारते, "वयनी, गप आसत ना ते?"

मी "हो" म्हणते. ती मान डोलावते आणि सुक्या बांगड्यांचा भाव करायला वळते.