जकातीच्या फॉर्मवर लिहिलेलं 'नाही'

पाच महिने पगार झाला नव्हता, एवढं मात्र खरं होतं. जेद्दात एका हॉस्पिटलच्या एसी प्लँटवर मी मेंटेनन्सला होतो. ठेकेदाराने हात वर केले होते, कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो तो सौदी मालक, फोन उचलत नव्हता, आणि गावी मुलीला फार्मसीला प्रवेश मिळाला होता.

आमच्या गावच्या मंडळींची जेद्दात जमात आहे. महिन्यातून एका शुक्रवारी सगळे जमतात, जकात, म्हणजे शिलकीतून काढायचं धर्माचं दान, गोळा करतात आणि गावच्या अडलेल्या माणसाला देतात. नियम सरळ आहे. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त शिल्लक किंवा सोनं असेल त्याने जकात द्यायची, घ्यायची नाही. माझ्या खात्यात साडेसहा लाख रुपये होते. घरावर वरचा मजला चढवायचा म्हणून बारा वर्षं साठवलेले. फीसाठी त्यांना हात लावायचा नाही, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. का, ते आजही नीट सांगता येत नाही. मजला गावाला दिसतो, फी दिसत नाही, एवढंच असेल.

फॉर्म भरायच्या आठवडाभर आधी सगळी रक्कम गावी मोठ्या भावाला पाठवली. फोनवर म्हटलं, "भाई, तुला उसने दिले असं समज. वर्षाने परत दे." म्हणजे खातं रिकामं आणि जीभही साफ. पण फॉर्मवर पुढचाच प्रश्न होता: कुणाला पैसे उसने दिले आहेत का? मी 'नाही' लिहिलं. खाली गावाकडच्या साक्षीदाराची सही लागते. ती भावाने केली.

त्या वर्षी फंडात एकाच मुलीच्या फीपुरते पैसे होते आणि अर्ज आले दोन. दुसरा माझ्या खोलीतल्या सोबत्याचा, त्याच्या मुलीसाठी. तो त्याच ठेकेदाराकडे ड्रायव्हर, त्याचाही पगार अडकलेला. त्याने बायकोच्या चार बांगड्या आणि पोस्टातली ठेव लिहिली आणि मर्यादेच्या जरासा वर गेला. मी त्याला म्हटलं होतं, "बांगड्या कशाला लिहितोस, येड्या?"

"मग काय तुझ्या हातात घालू?"

खोलीतले सगळे हसले. मीही.

फी मला मिळाली. बायकोच्या बांगड्या विकून त्याचं घर चाललं, कॉलेजपुरतं काही उरलं नाही. पुढच्या वर्षी त्याने मुलीचं लग्न लावलं. माझी मुलगी आज पांढरा कोट घालून औषधाच्या दुकानात उभी राहते.

मजला चढलाच नाही. दोन वर्षांनी पैसे मागितले तेव्हा भाऊ फोनवर हसला. "कुठले पैसे? तूच लिहून दिलंयस ना, कुणाला दिले नाहीत म्हणून? माझी सही आहे त्यावर. दाखवू जमातीला?" मी फोन ठेवला. तक्रार करायची तर कुणाकडे?

त्यानंतर सात वर्षं गप्प बसलो. सोबती त्याच खोलीत, समोरच्या खाटेवर. यंदा एका सुट्टीच्या दिवशी तो सुरमई कापत होता, तेव्हा सगळं सांगून टाकलं. त्याने मान वर केली नाही.

"तुझ्या भावाने त्याच वर्षी टेम्पो घेतला. गाव केवढं आपलं? तू कधी बोलतोस तेवढंच बघत होतो. बराच वेळ घेतलास."

"मी भरून देतो. तुझ्या मुलीला..."

"तिला दोन पोरं आहेत. पोरं घेऊन बसवू तिला वर्गात?" त्याने सुरी धुतली. "मला नको. जमातीत भर. फक्त तुझं नाव वाचायला सांग. का भरले, तेही. मग आपलं फिटलं."

फीएवढी रक्कम घेऊन जमातीच्या अध्यक्षांकडे गेलो. सगळं ऐकून ते म्हणाले, "आता कशाला उकरतोस? मुलीला स्थळं येतायत ना? गुप्तदान म्हणून लिहितो. घराची अब्रू राहील, फंडाचंही भलं होईल."

नाव वाचा म्हणायचं, हे मी टॅक्सीत दहा वेळा घोकलं होतं.

"बरं," म्हटलं.

पुढच्या शुक्रवारी अध्यक्षांनी वाचलं, "एका बंधूने नाव न सांगण्याच्या अटीवर..." हॉलभर "माशाल्ला, माशाल्ला" झालं. मीही म्हटलं, गप्प राहिलो तर कुणाच्या लक्षात येईल म्हणून. सोबत्याने पुढच्या ओळीतून वळून माझ्याकडे पाहिलं. मग उठला, चपला घातल्या आणि जेवायला न थांबता निघून गेला.

महिनाअखेरीस त्याने खोली बदलली. बाकीच्यांनी विचारलं, तर म्हणाला, "तिथून काम जवळ पडतं."

नवी खोली त्याच्या कामापासून दुप्पट लांब आहे. इतक्या वर्षांत त्याला खोटं बोलताना मी ऐकलं ते तेवढंच, आणि तेही माझ्यासाठी.