ओढ्यावरचा उंच नेचा

मी खोटारडी नव्हे, पण एका झाडापायी झाले.

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. राजारामपुरीत राहायचे, कॉलेजात वनस्पतिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. शाहूवाडीच्या डोंगरात एका ओढ्यावर मला उंच नेचा सापडला. एरवी नेचा म्हणजे गुडघ्याएवढं झुडूप. हा चक्क बुंध्यावर उभा, माझ्याहून दीड हात उंच. असली झाडं आपल्याकडे संपत आलेली. आदल्या वर्षी दुसऱ्या ओढ्यावर असाच एक होता. वर्गाची सहल मीच नेली, अन् प्रत्येकाने फाइलीत चिकटवायला एकेक पान तोडलं. झाड ओकंबोकं झालं, मेलंच. या वेळी ठरवलं, कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. पानांमागचे ठिपके पिकले की त्यांतली बियांसारखी पूड आणायची, प्रयोगशाळेत रोपं करायची, ती ओढ्यावर नेऊन लावायची.

पण ठिपके काही पिकेनात! जिवाला नुसता घोर. तास घेताना, भाजी निवडताना एकच: आज पूड झडून गेली तर? उद्या कुणी कुऱ्हाड घातली तर? दर रविवारी पहाटेची एसटी, मग दोन तास चढ. "वेड लागलंय का तुला?" आई म्हणायची. लागलंच होतं.

चढाआधीच्या शेवटच्या घरात एक म्हातारं जोडपं राहायचं. भातशेती, दोन म्हशी. मामी दर खेपेला चहा देऊन विचारायच्या, "का वो बाई, येवढं काय हाय वर?" खरं सांगितलं तर गावभर होईल, ही माझी शहरी अक्कल. म्हटलं, "आईचे गुडघे धरलेत. एका झाडाची साल औषधाला लागते."

"त्यो ओढ्यावरला उंच व्हय?" मामांनी लगेच ओळखलं. मी मान डोलावली.

पुढच्या रविवारी गेले तर बुंधा सोप्यात आडवा, दोरीने नीट बांधलेला. मामा घाम पुसत हसत होते. "तुमचा हेलपाटा बघवंना बगा. म्हनून तोडूनच आनला."

"पानं कुठायत?" मी ओरडलेच.

"म्हशीखाली टाकली की."

गोठ्यात धावले. शेणमुतात बसून एकेक पान उलटून पाहिलं. सगळे ठिपके हिरवे, एकही पिकलेला नाही. रडू फुटलं. चिडायचं तरी कुणावर? त्या म्हाताऱ्याने माझ्या आईसाठी एवढं ओझं खांद्यावरून डोंगर उतरवलं होतं. झाड वाचवायचंय, एवढंच बोलले असते, तर त्यांनीच राखलं असतं.

मामी मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, मी आईच्या काळजीनं रडतेय. पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडू नगासा. गुन येईल न्हवं आईला?"

माझ्या आईचे गुडघे ठणठणीत होते. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"येईल की, मामी," मी म्हणाले.