पानावरच्या गाठी

अमेरिकेत ईडन प्रेरीला राहायला गेलो तेव्हा नवऱ्याकडे नोकरी होती आणि माझ्याकडे वनस्पतिशास्त्रातली एम.एस्सी. त्याच्या व्हिसावर आल्यामुळे मला पगारी काम करायची मुभा नव्हती. घरात बसून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा मी जवळच्या एका काचघरात फुकट राबायला जाऊ लागले.

तिथे आफ्रिकेच्या जंगलातलं एक झाड होतं. त्याची फुलं फांदीला लागत नाहीत, थेट पानावर येतात, मधल्या शिरेला धरून. हे मी फक्त वाचलं होतं. काचघरातल्या कुणीही पाहिलं नव्हतं, कारण तिथे ते कधी फुललंच नव्हतं. मी त्याला पाणी घालायचे, पानं पुसायचे. आपण असताना ते फुलावं, एवढंच त्या गावाकडे माझं मागणं होतं.

त्या हिवाळ्यात सासूबाई आल्या. रत्नागिरीकडची बाई, परसाशिवाय जीव रमेना आणि बाहेर तर गुडघाभर बर्फ. म्हणून त्यांना काचघरात नेऊ लागले. तिथली ऊब त्यांना मानवली. स्वेटरवरून पदर खोचून त्याही पानं पुसायला लागल्या.

एका सकाळी मी पाण्याची नळी गुंडाळून आले, तर त्या समाधानाने हात झटकत होत्या.

"अगं, तुझ्या झाडाला गाठी आल्या होत्या. आंब्याच्या पानांवर येतात ना, तशाच. खुडून टाकली ती पानं. कीड पसरली असती."

बादलीत पानं होती आणि त्यांच्या शिरांवर बारीक कळ्या.

हातातोंडाशी आलेला घास गेला. पण अमेरिकेत आल्यापासून त्यांचा चेहरा इतका खुललेला मी पाहिला नव्हता. खरं सांगायला जीभ रेटेना. "बरं केलंत, आई," म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

पुढच्या वर्षी झाड फुललं. तोवर नवऱ्याचं प्रोजेक्ट संपून आम्ही तिथून दूर, शुगर लँडला आलो होतो. काचघर सांभाळणाऱ्या बाईंनी मेलवर फोटो पाठवला. तो मी अजूनही अधूनमधून उघडून बघते.

सासूबाई रत्नागिरीहून फोनवर न चुकता विचारतात, "गेली का गं त्या झाडाची कीड?"

"गेली, आई."

"आणि फुलतं का?"

"हो, आता फुलतं."

"बघ. मी वेळेवर पानं खुडली म्हणून."