सहज केलेला फोन

शेजारच्या मालतीबाईंनी काल कादंबरी परत आणून दिली. मीच त्यांना ती वाचायला दिली होती. तिच्यातली शिक्षिका एका सहकाऱ्यावर आयुष्यभर प्रेम करते, पण एकदाही तसं बोलून दाखवत नाही. बदली होऊन तो निघतो तेव्हा ती एवढंच विचारते, "डबा घेतलात ना?" लेखिकेने तिला कुठेही रडवलेलं नाही. पुढच्या पानावर ती मुलांचे निबंध तपासायला बसते आणि रडू आपल्याला येतं. इतक्या साध्या शब्दांत एवढी हळहळ मावलेली मी फार दिवसांत वाचली नव्हती.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"बरी आहे," मालतीबाई म्हणाल्या. मग दारातच उभं राहून त्यांनी धाकट्या बहिणीला फोन लावला. आईच्या आजारपणात दोघींचं बिनसलं होतं आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं, हे मला ठाऊक होतं.

"काही नाही गं, सहज केला. जेवलीस का?"

आपल्याकडे माया बहुधा अशी जेवणाखाणाच्या आडूनच बोलते. समोरच्याला कळेल, असं आपण धरून चालतो. कधी कळतं, कधी नाही. कादंबरीतली शिक्षिका त्या आडोशातच राहिली.

मालतीबाई बराच वेळ पलीकडचं ऐकत होत्या. मग माझ्याकडे पाठ करून हळूच म्हणाल्या, "शोभा, मला तुझी फार आठवण येते गं."