मानेखालचे फोटो

अक्का, उमरग्याच्या स्टँडवर तू मला पुण्याच्या गाडीत बसवून दिलंस, तेव्हा तुझी सानिका सात वर्षांची होती. माझ्या बॅगेचा बंद सोडायला तयार नव्हती. आई घरीच थांबली होती. उंबऱ्यातून एवढंच म्हणाली, "नीट ऱ्हा. कुणाच्या तोंडाला लागू नको." गाडी हायवेला लागली, तरी मला रडू आलं नाही. पुढं कधीतरी येईल, असं वाटलं होतं.

पुण्यात ऑनलाइन कपडे विकणाऱ्या एका कंपनीत पॅकिंगला लागले, ते तुला माहीतच आहे. कुर्त्याची घडी घालायची, पिशवीत भरायचं, लेबल चिकटवायचं. एकदा फोटोसाठी ठरवलेली मॉडेल आलीच नाही. मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "उंची आहे, बांधाही चांगला आहे," त्या म्हणाल्या. मग फोटोग्राफरकडं वळल्या, "चेहरा नको. मानेखालून घे."

तेव्हापासून माझं तेच काम झालं. दिवसाला तीस-चाळीस कुर्ते घालायचे आणि काढायचे. लाइटखाली उभं राहून आधी पाय बधिर व्हायचे, नंतर नंतर बाकीची मीही. वर्षभरानं स्वतःचेच फोटो दुकानातल्या पुतळ्याचे वाटायला लागले. तुम्हाला फक्त "प्रमोशन झालं" म्हणून सांगितलं. तोंड नसलेली पोरगी आईला काय दाखवायची?

मागच्या डिसेंबरात तुझा फोन आला. सानिका शाळेत दुसऱ्यांदा चक्कर येऊन पडली होती. "भाकरी बघितली की मान फिरवायलीय गं," तू रडत होतीस. "मला काही सांगंना. तू तरी विचार."

मी आले. माडीवर सानिका आरशासमोर उभी होती. दहावीतली पोर, आणि गळ्याची हाडं वर आलेली. काय चाललंय म्हणून विचारलं, तर तिनं मोबाइल पुढं केला.

"मावशी, सेंड-ऑफला हाच ड्रेस घालायचाय. पण मला अशी कंबर पायजे."

स्क्रीनवर हिरवा कुर्ता होता. त्या कुर्त्यात मी होते.

"ही मी आहे," मी म्हणाले.

"काहीबी!" ती हसली.

मग मी माझ्या फोनमधला, त्याच दिवशी घेतलेला सेल्फी दाखवला. तोच कुर्ता, तीच भिंत, वर माझं तोंड. तिचं हसू थांबलं. मी तुझ्या शिलाई मशीनच्या खणातला टेप तिच्या हातात दिला. "मोज." तिनं माझ्या कमरेभोवती टेप धरला. एकतीस भरली. मोबाइलवर फोटोखाली मॉडेलची कंबर पंचवीस लिहिली होती.

"कॉम्प्युटरवर दोन्ही बाजूंनी आत ढकलतात," मी सांगितलं. "मिनिटभराचं काम. ही कंबर कुणाचीच न्हाय, सानू. माझी बी न्हाय."

मला वाटलं, पोरीच्या जिवावरचं ओझं उतरेल. तिनं टेपची गुंडाळी करून माझ्या हातात परत दिली. मग हळूच म्हणाली, "म्हंजे तुझ्यामुळं उपाशी ऱ्हायले व्हय मी?"

मी टेप मशीनच्या खणात परत ठेवला.

त्या संध्याकाळी तिनं अर्धी भाकरी खाल्ली. तू मला विचारलंस, काय जादू केलीस गं? मी म्हणाले, समजावलं जरा. अक्का, खरं काय झालं ते हे असं आहे. तुझ्या तोंडावर सांगायला जमलं नाही, म्हणून लिहितेय.

परत आल्यावर मी पॅकिंग मागून घेतलं. त्या लाइटखाली दुसऱ्याच दिवशी दुसरी मुलगी उभी राहिली. सानिका आता जेवते, असं तू सांगतेस. माझ्याशी मात्र फोनवर ती हां-हूं एवढंच बोलते. मला वाईट वाटायला हवं. मी वाट बघते, वाटत नाही.

इथं रूमवरच्या मुली कधी कधी घराची आठवण काढून रडतात. एक लातूरची आहे, एक जालन्याची. मला विचारतात, तुला गं काय आठवतं? मला तुळस, ओसरी असलं काही आठवत नाही. मी दारात पाऊल ठेवलं की आई बॅगेकडं बघत नाही, कपड्यांकडं बघत नाही. सरळ तोंडाकडं बघते. "तोंड उतरलंय गं. जेवलीस का न्हाय?" जेवले, मी म्हणते. तिला ते पटत नाही. ती ताट घ्यायला आत जाते.