दिवा लावा रे

मिस्त्री तरुणपणी एका सिनेमात होता. तो शिकत होता त्या कॉलेजात विनोदी सिनेमाचं शूटिंग आलं आणि त्यांना एक काळा मुलगा हवा होता. एक तोतरा मुलगा आणि एक जाडी मुलगी त्यांनी आधीच निवडली होती. मिस्त्रीच्या चेहऱ्याला त्यांनी तेल आणि काजळी फासली, कारण तो त्यांना पुरेसा काळा वाटेना. तो खोलीत शिरला की नायक म्हणायचा, "दिवा लावा रे, कुणीतरी आलंय." एवढंच त्याचं काम. अख्ख्या सिनेमात त्या पोराला नाव नव्हतं, की हातात कधी पुस्तक दिसलं नाही. आईला हौसेनं थिएटरात नेलं, तर ती घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

मग वर्षं गेली. मिस्त्री लिफ्टच्या दुरुस्तीत मुरला, लग्न झालं, सिनेमा लोक विसरले. तोही विसरला असं बायकोला वाटायचं.

यंदा सिनेमातला तो तुकडा कुणीतरी मोबाईलवर टाकला आणि बघता बघता सगळीकडे पसरला. आधी दुकानदारानं हसून ओळखलं. मग रस्त्यानं जाताना मागून कुणी ते वाक्य म्हणायचं, वळून बघावं तर सगळे आपापल्या वाटेला. एका सकाळी दारावर कोळशानं तेच लिहिलेलं होतं. बायकोनं पुसून टाकलं आणि त्याला सांगितलं नाही. त्यानं ते तिच्या आधीच पाहिलं होतं, तोही बोलला नाही.

त्याच आठवड्यात एका वसतिगृहाचं काम आलं. जुनी लिफ्ट होती आणि पाळण्याच्या, म्हणजे लिफ्टच्या डब्याच्या, टपावरचं बंद करायचं बटण बिघडलं होतं. मिस्त्रीनं वरच्या मोटारीच्या खोलीत जाऊन मेन स्विच पाडला. त्याला कुलूप घालायची त्याची सवय, पण खोबण गंजून गेली होती, म्हणून नुसती 'काम चालू आहे' अशी पाटी अडकवली. जिन्यात चारपाच पोरं उभी होती. त्याला बघून ती गप्प झाली. ते गप्प होणं त्याला आवडलं नाही.

मजल्यावरचं लिफ्टचं दार उघडं ठेवून तो टपावर उतरला. हातदिव्याची वायर बाहेरच्या प्लगाला होती. काम निम्म्यावर आलं आणि दिवा गेला. पाठोपाठ दार सरकून बंद झालं.

"अरे, मी आत आहे," तो ओरडला.

बाहेर हसू फुटलं. सिनेमातही तो शिरला की असंच हसू फुटायचं. जितका ओरडेल तितकं हसू वाढत होतं, आणि त्या हसण्यातून कुणाची तरी पावलं जिना चढून वर निघाली. मोटारीच्या खोलीकडे.

त्यानं ओरडणं थांबवलं आणि टपावर पालथा पडला. वर खटका वाजला, मोटार घुमली, पाळणा हलला. काँक्रीटची तुळई त्याची पाठ खरवडत चालली. तो हूं की चूं करेना. मग बाहेरचं हसू विरलं. कुणीतरी दबक्या आवाजात "काका?" म्हणालं. उत्तर आलं नाही, तशी वर कुणीतरी घाबरून स्विच पाडला.

त्याला बाहेर काढलं तेव्हा शर्ट पाठीला रक्तानं चिकटला होता. रेक्टर म्हणाले, पोरं आहेत, गंमत केली, मनावर घेऊ नका.

"मी पण कॉलेजातलंच पोर होतो, साहेब," मिस्त्री म्हणाला. "तेव्हाही सगळे हेच म्हणाले होते."

त्यानं हत्यारं गोळा केली. ती लिफ्ट त्यानं पुरी केली नाही, आणि पुन्हा त्या इमारतीत पाऊल टाकलं नाही. पोलिसांत तक्रार दिली, तिचं काही झालं नाही.

पोरांनी मात्र त्या प्रकाराचाही व्हिडिओ टाकला होता. बायकोनं तो स्वयंपाकघरात उभ्यानं पाहिला. पडद्यावर दाराच्या फटीतला नुसता काळोख, आणि हसणं. खाली लोकांनीही हसण्याचीच चिन्हं टाकली होती. तिनं फोन कानाशी धरला, पुन्हा एकदा ऐकलं, आणि बाहेर येऊन त्याच्या शेजारी बसली.

"यात कुणीतरी श्वास घेतंय," ती म्हणाली. "ते तुम्ही आहात."